फडावर कुणाचा शब्द चालतो

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागातली गावं ऊसतोडीसाठी हळूहळू रिकामी होतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पीठमीठ, ताडपत्री, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर लेकरं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. ती फेडायला पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर जायचं. मार्च-एप्रिलात हंगाम संपून पट्टा पडला की परत.

या माणसांविषयी आरोग्य केंद्रांत एक वाक्य फार सहज बोललं जातं: ‘ते ऐकतच नाहीत हो.’ हे खरं नाही. ती ऐकतात, आणि आपल्यापेक्षा बारकाईने ऐकतात. कोण सांगतंय, कोणत्या वेळी सांगतंय, आणि मागच्या वेळी यानं सांगितलेली गोष्ट तिथं गेल्यावर खरंच मिळाली होती का, या तीन गोष्टी तोलून मगच ती पाऊल उचलतात. कारण चुकीच्या माहितीवर पाऊल उचललं तर त्यांचा अख्खा दिवस जातो. एक दिवस गेला की ‘खाडा’ लागतो, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात.

आधी वेळेचं बघू. टोळी पहाटे चार-पाचला फडात, म्हणजे तोडीच्या उसात, उतरते. पुरुष तोडतो, बाई पाचट सोलून मोळ्या बांधते, मग दोघंही डोक्यावरून मोळ्या गाडीत भरतात. गाडी रात्री दोनला आली तर भरणी रात्री दोनला. बाई कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर, येते ती दुपार उलटल्यावर, आणि आल्या आल्या पाणी, सरपण, भाकरी. प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण तपासणी मात्र मुख्यतः सकाळची. लसीकरणाचं सत्र आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, तेही सकाळी, तेही गावात. कोप्या पडलेल्या असतात गावापासून दीड-दोन किलोमीटर लांब, कॅनॉलच्या कडेला किंवा कारखान्याच्या माळावर. नर्सबाई सकाळी अकराला तिथं पोचल्या तर त्यांना दिसतात म्हाताऱ्या, तान्ही पोरं आणि त्यांना सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण. ‘लाभार्थी गैरहजर’ असा शेरा पडतो.

वेळ बदलली तरी निम्मं काम होतं. संध्याकाळी पाच ते सात, किंवा मुकादम आठवड्याची खर्ची वाटतो तो दिवस, किंवा आठवडे बाजाराचा दिवस. कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबते तेव्हा अख्खी टोळी कोपीवर असते. ही बातमी सर्वांत आधी कळते ती कारखान्याच्या शेतकी गट कार्यालयाला आणि चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या कारखान्याच्या माणसाला. कोणत्या गावाच्या शिवारात कोणती टोळी आणि किती कोयते, ही यादीही त्यांच्याकडेच असते. आरोग्य सेविकेने हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात ही यादी मागून घेतली आणि चिटबॉयचा फोन नंबर जवळ ठेवला, तर महिनाभराची पायपीट वाचते. हे इतकं साधं असूनही फार ठिकाणी होत नाही. ऊस आणि आरोग्य ही दोन खाती एकमेकांशी बोलायचं कारणच कुणी घालून दिलेलं नाही.

आता विश्वासाचं. चुकीची माहिती इतकी पक्की का बसते, हे समजून घ्यायचं असेल तर गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं उदाहरण नीट बघितलं पाहिजे.

२०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचं तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली निघाली. देशपातळीवर १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. इथं ते साधारण सहांत एक.

ही माहिती कशी पसरली ते पायरी-पायरीने पाहा. बाईला अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग. फडात न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला-वाळवायला आडोसा नाही, लघवी तासन् तास दाबून ठेवायची, डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी. ती सरकारी दवाखान्यात गेली तर तिथं तपासायला बाई डॉक्टर नाही, किंवा ‘सोनोग्राफी इथं होत नाही, जिल्ह्याला जा’. खासगीत गेली तर त्याच दिवशी सोनोग्राफी. काळ्या-पांढऱ्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं जातं, ‘पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल.’ तारीख लगेच मिळते, हंगामाच्या आधीची. पैसे मुकादम उचलीत धरतो. पाळी गेली की पाळीचा खाडाही गेला. गावात परत आल्यावर शेजारणीला तीच सांगते, ‘मला बाई बरं वाटलं.’

या साखळीत विश्वास बसावा असं सगळं आहे. चित्र आहे, तारीख आहे, पैशाची सोय आहे, आणि शेजारणीची साक्ष आहे. सरकारी माहितीत काय होतं? भिंतीवरचं पोस्टर. मग बाईने कुणाचं ऐकावं?

म्हणून ‘पिशवी काढू नका’ एवढं सांगून भागत नाही. त्या चित्राला उत्तर द्यावं लागतं. सोनोग्राफीत दिसणारी ‘सूज’ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि पिशवीच्या तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर सोनोग्राफीत दिसतच नाही, हे सांगावं लागतं. त्याची सरकारी तपासणी वेगळी आहे. पिशवीच्या तोंडाला पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी, आणि एक मिनिट थांबून पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी, आणि ती फुकट आहे. पांढरं जाण्यावर तपासून औषध मिळतं. सरकारी दवाखान्यात त्यासाठी रंगांची किट आहेत. योनिमार्गाच्या साध्या संसर्गासाठी हिरवं, ज्यातल्या गोळ्या एकदाच घ्यायच्या असतात. ओटीपोटात दुखणं, ताप असेल तर पिवळं, आणि त्याचा कोर्स चौदा दिवसांचा. हिरवं किट गरोदर बाईला द्यायचं नसतं, म्हणून पाळी कधी चुकली ते आधी विचारायचं.

इथंच एक गोष्ट हमखास बिघडते. नर्सबाई टोळीवर जाऊन छान समजावून सांगतात, चार बायका धीर करून दुसऱ्या दिवशी केंद्रात जातात, आणि हिरवं किट संपलेलं असतं. त्या चार बायकांचा खाडा गेला. पुढे त्या टोळीत कुणाचंही काही ऐकून घेतलं जाणार नाही, आणि त्यांच्या जागी कुणीही असता तरी हेच झालं असतं. साठा मोजल्याशिवाय सांगायला जाऊ नये. पंधरा कोयत्यांच्या टोळीवर जायचं तर निदान पाच-सहा किट पिशवीत घालूनच निघावं, आणि तपासणीसाठी ताडपत्रीचा आडोसा, टॉर्च आणि हात धुवायला पाणी सोबत न्यावं.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असा नियम आला. तो चांगलाच आहे. पण बाईला तो माहीत असतो तो ‘सरकार आता ऑपरेशन करू देत नाही’ अशा रूपात. नियमामागचं कारण कुणी तिला सांगितलेलं नसतं. तिशीत पिशवी गेली, आणि सोबत अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास कितीतरी वर्षं आधी येतात, हाडं ठिसूळ होतात, आणि ती कंबर पुन्हा मोळी उचलू शकत नाही. हे तिला सर्वांत नीट सांगते ती शस्त्रक्रिया झालेली, आता चाळिशीतली, उठताना जमिनीला हात टेकणारी टोळीतलीच बाई. तिला बोलू द्यावं, नर्सने शेजारी बसावं.

लसीकरणात अडचण अविश्वासाची कमी आणि हिशेबाची जास्त आहे. फेब्रुवारी ते जून या काळात जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने नोव्हेंबर ते मार्चमध्ये भरतात. म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नेमका फडावर येतो, आणि तो नऊ महिने पूर्ण व्हायच्या आत ‘जाताजाता’ नियमित डोस म्हणून देता येत नाही. ऑगस्टअखेर जन्मलेल्या बाळाचा पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा) दीड महिन्याचा डोस गावी होतो, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे फडावर. गावच्या आशाताईंनी दसऱ्याआधी अशा बाळांची वेगळी यादी काढून कार्डावर मोठ्या अक्षरांत तारीख लिहावी: ‘१५ नोव्हेंबरनंतर, जिथं असाल तिथं, गोवरची लस.’ ‘जिथं असाल तिथं’ हे शब्द महत्त्वाचे. पुष्कळ आयांची प्रामाणिक समजूत असते की लस आपल्याच गावात मिळते, दुसरीकडे नाव नाही म्हणून हाकलतील. आणि कधी कधी खरंच हाकलतात. ‘तुमचं नाव आमच्या यादीत नाही’ हे वाक्य एकदा ऐकलेली आई पुढच्या खेपेला येत नाही.

कार्डही गावीच राहतं, पत्र्याच्या पेटीत, सासूकडे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डासोबत ठेवायला सांगावं आणि निघायच्या दिवशी फोनमध्ये फोटो काढून घ्यावा. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लस नोंदणीत, नोंद असेल तर मोबाइल नंबरावरून ती सापडते, पण हंगामात सिम बदललेलं असतं, म्हणून कार्डावर दोन नंबर लिहावेत: नवऱ्याचा, आणि गावी राहणाऱ्या एखाद्या नातलगाचा. कार्ड हरवलं तरी लसी पहिल्यापासून सुरू करायच्या नसतात. झालेले डोस धरून पुढचे द्यायचे. काहीच पुरावा नसेल तर वयाप्रमाणे लस द्यावी. एखादा डोस जास्त झाला तर अपाय होत नाही. बीसीजी आणि पेंटाचा पहिला डोस एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येतो. ‘आता उशीर झाला’ असं म्हणून परत पाठवण्याआधी हे आकडे आठवावेत.

आणि तापाचं आधी सांगावं. पेंटानंतर बाळाला रात्री ताप येतो, मांडी दुखते, ते रडतं. कोपीत दोन हातांवर दुसरं कुटुंब झोपलेलं असतं, पहाटे चारला उठायचं असतं. ‘आज रात्री अंग तापेल, हे औषध एवढ्या थेंबांनी द्या, दोन दिवसांत उतरेल, न उतरल्यास या नंबरावर फोन करा’ एवढं सांगितलेलं असेल तर ताप आला की आई म्हणते, बाई खरं बोलल्या. न सांगता ताप आला तर तीच आई म्हणते, सुईनं पोर आजारी पडलं. ताप तोच.

गरोदरपणातल्या लोहाच्या लाल गोळ्यांचंही तसंच. शी काळी होते, मळमळतं, आणि ‘गोळ्यांनी पोर मोठं होऊन बाळंतपण अडतं’ ही भीती असते. काळी शी होणारच, तो लोहाचा रंग, हे गोळी हातात देतानाच सांगायचं. रात्री जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही, कारण मग लोह अंगी लागत नाही. टोळीत चहा दिवसातून चार-पाच वेळा होतो, त्यामुळे ‘चहानंतर दोन तास’ हा सल्ला कुणी पाळत नाही. ‘झोपताना’ हा पाळला जातो. आणि निघणाऱ्या बाईला तीस गोळ्या देऊन काय होणार? गरोदरपणात १८० गोळ्यांचं उद्दिष्ट आहे. हंगामभराच्या स्ट्रिप्स एकदम द्याव्यात.

पल्स पोलिओने हे सगळं कधीच करून दाखवलं आहे. पथक कोपीवर येतं, कागद मागत नाही, गाव विचारत नाही, दोन थेंब पाजतं आणि डाव्या करंगळीवर शाई लावतं. बसस्थानकावर, रेल्वे फलाटावरही पथक असतं. साखर कारखान्यांचे तळ, वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा ‘जोखमीचे भाग’ म्हणून आधीच नोंदलेले असतात. ती यादी आजही प्रत्येक तालुक्यात आहे. नियमित लसीकरणाला आणि गरोदर तपासणीला तीच वापरली तर नव्याने शोधायचं फार उरत नाही.

मुकादमाविषयी जरा जपून लिहायला हवं. त्याचा शब्द टोळीत चालतो, म्हणून प्रत्येक मोहीम आधी त्याच्याकडे जाते. शिबिराची वेळ, पाण्याच्या टाकीत क्लोरीन, साप चावल्यावर गाडी काढणं यासाठी तो हवाच. साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काही करायचं नाही. हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा. गाडी मुकादमाची असते, म्हणून हे त्याला पाठ असलं पाहिजे. पण तो सावकारही आहे. त्याच्या तोंडून आलेली गोष्ट हुकूम म्हणून पाळली जाते, पटली म्हणून नाही. बायकांच्या दुखण्याची गोष्ट त्याच्यामार्फत सांगणं तर पूर्ण चूक.

क्षयरोगाचं त्याच्या कानावर घालणं त्याहून चूक. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायची, हे सगळ्यांना सांगावं. निदान झालं की ते रुग्णाच्या आणि त्याने निवडलेल्या एका माणसाच्या पलीकडे जाऊ नये. मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षी उचल मिळत नाही, आणि हे टोळीला माहीत असतं, म्हणून माणूस खोकला लपवतो. उपचार निदान सहा महिन्यांचे, हंगामाहून लांब. त्यामुळे निघताना निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, कागदावर लिहून द्यावा, पंधरा दिवस ते महिनाभराच्या गोळ्या सोबत द्याव्यात, आणि ज्या तालुक्यात जाणार तिथल्या क्षयरोग पर्यवेक्षकाला फोन करून बदलीची नोंद करावी. लघवी नारिंगी होईल हेही पहिल्याच दिवशी सांगावं. ती बघून घाबरून गोळ्या बंद करणारे कमी नाहीत. क्षयरुग्णाच्या आहारासाठीचे निक्षय पोषणाचे महिन्याला हजार रुपये खात्यात येतात, पण खातं आधारला जोडलेलं नसेल तर अडकतात. पैसे अडकले की गोळीवरचाही विश्वास डळमळतो.

भाषेचा प्रश्न दोन्ही बाजूंनी आहे. तांड्यावरच्या बंजारा कुटुंबांत घरात गोरमाटी बोलतात. पुरुषांना मराठी सराईत, म्हाताऱ्या बायकांना अर्धीच, आणि बाळाला काय द्यायचं ते ठरवते म्हातारी. कर्नाटकात जमखंडी-मुधोळकडे गेलेल्या टोळीला कन्नड आशाताई काय म्हणतात ते कळत नाही. तिथं वरच्या ओळीत मराठी, खाली कन्नड अशी एक चिठ्ठी कामाला येते. चार-पाच वाक्यं पुरे: बाळाची लस राहिली आहे, मी गरोदर आहे, रक्त जातंय, ताप आहे, साप चावला. १०८ दोन्ही राज्यांत लागतो, हे चिठ्ठीवर ठळक असावं.

व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर कुणी वाचत नाही. मिनिटभराचा आवाज ऐकला जातो, तोही ओळखीचा असेल तर. गावच्या आशाताईंनी आपल्याच बोलीत ‘अगं, तुझ्या पोरीची गोवरची तारीख आली बघ’ म्हणून पाठवलेला आवाज तीनशे किलोमीटरवर कोपीत दोनदा लावला जातो. फोन नवऱ्याकडे असतो, त्यामुळे खासगी गोष्ट त्यात बोलू नये.

एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकले होते. त्यांना सांगितलं गेलं, घरातच राहा, अंतर ठेवा, वारंवार हात धुवा. आठ बाय दहाच्या कोपीत सहा माणसं, आणि पाणी शेतकऱ्याच्या मोटारीवर वीज असेल तेव्हा. पाळता न येणारा सल्ला मिळाला की माणूस पुढचा सल्लाही ऐकेनासा होतो, मग तो कितीही योग्य असो. म्हणून कोपीवर गेल्यावर आधी विचारावं: पाणी कुठून आणता, किती हंडे, साठवता कशात? त्यावर सल्ला बेतावा. जुलाबाला ओआरएसचं पाकीट द्यायचं तर लिटरची रिकामी बाटली दाखवावी, कारण ती प्रत्येक कोपीत असते. अख्खं पाकीट, भरून एक बाटली, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. अर्धं पाकीट पेल्यात घातलं की पाणी खारट होतं आणि बाळ थुंकून टाकतं. सोबत जस्ताची गोळी चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नये. त्याला ‘हो’च येतं. ‘ताई, आता तुमच्या सासूबाई आल्या की त्यांना हे कसं सांगाल?’ असं विचारावं. तिच्या तोंडून काय राहिलं ते लगेच कळतं, आणि सासूही तेव्हा शेजारच्या कोपीतून ऐकत असते.

एप्रिलमध्ये ट्रॉल्या गावी परत येतात. पहिल्या आठवड्यातच आशाताईंनी घरोघर जाऊन कार्ड बघावं, फडावर झालेली लस आपल्या रजिस्टरमध्ये चढवावी, आणि कुठल्या केंद्रात चांगलं वागवलं, कुठून परत पाठवलं, हे तिथल्या नावासकट लिहून ठेवावं. पुढच्या दसऱ्याला त्याच शिवारात जाणाऱ्या टोळीच्या कार्डावर मग केंद्राचं नाव, नर्सबाईंचा फोन आणि सत्राचा वार आधीच लिहिता येतो.